पानफुटीचा पाहुणा

मुरुडास आमच्या परसातील पानफुटीची पाने मध्यंतरी पोकळ होऊन कागदासारखी दिसू लागली. घरच्या मंडळींनी औषध फवारण्याचे ठरविले. तेव्हा आम्ही एक पान उकलून दाखविले. आत गर खात एक इवलीशी अळी बसली होती!

पानावरील अंड्यातून निघून ही आत शिरते, वाढल्यावर बाहेर येऊन कोष करते आणि 'लाल कवडी' हे फुलपाखरू होते : पंख वरून काळे, मागच्या जोडीवर नारिंगी पट्टा. दक्षिण भारत व लंका येथे याचा संचार आहे. याच्याच कुळातील ताम्रवर्णी फुलपाखरू हिमालयात राहते. त्याची अळी चुक्याच्या जातीवर वाढते.

पानफुटी पानाच्या कडेवरून पुन्हा फुटते; फवारणीने मेलेली अळी उठत नाही. म्हणून गृहिणींनी चार पाने या पाहुण्यास सोडावी, एवढीच विनंती.