पोळीतलं क्षेत्रफळ

वर्तुळाचं क्षेत्रफळ ‘पाय आर वर्ग’, हे आम्ही पाढ्यासारखं घोकलं. का, ते कुणी सांगितलं नाही. उत्तर डब्यातल्या पोळीत आहे. पोळी बरोबर मध्यावर चारदा दुमडा, उलगडा, घड्यांवर कापा. 16 पाकळ्या होतात. (भाकरी नको, ती घडीवर मोडते.) एकीचं टोक वर, दुसरीचं खाली, अशा शेजारी-शेजारी मांडा. जवळजवळ आयत! लांबी अर्धा परिघ, म्हणजे पाय गुणिले त्रिज्या, रुंदी त्रिज्या. गुणाकार केला की सूत्र हाती. पाकळ्या जितक्या बारीक, तितकी कड सरळ. आर्यभटानं इ. स. 499च्या सुमारास हेच मांडलं : अर्धा परिघ गुणिले अर्धा व्यास. ‘गणितात कच्चं’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेलं पोरही हे हातानं पटवून देतं आणि मग खातं.