माळ्यावरची टाकी

बेळगाव-शहापूरकडच्या जुन्या घरांत माळा म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या. धान्याची पोती, लोणच्याच्या बरण्या, लग्नातली भांडी यांचे ओझे या कड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेलले. आता त्याच माळ्यावर पाण्याची टाकी आणि मोटर चढते. आमच्याकडेही चढवायचे ठरले, कारण आईच्या गुडघ्यांना बादल्या उचलणे झेपेना. पण माळ्याखालीच आईची खाट! तेव्हा घाई करून चालणार नव्हते.

हिशेब साधा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ३०० लिटरची टाकी भरली की ३०० किलो. शिवाय टाकी आणि मोटरचे वजन वेगळे. म्हणजे पाच-सहा धडधाकट माणसे रात्रंदिवस एकाच जागी उभी. दुकानदाराने खोलीच्या मधोमध जागा सुचवली होती. आमचे बडिगेर वर चढले आणि आईला म्हणाले, "नडुव ब्याड्री, अव्वार!" भार मधोमध आला की कडी सर्वांत जास्त वाकते. भिंतीजवळ ठेवला तर बराचसा थेट भिंतीवर उतरतो.

त्यांनी आधी प्रत्येक कडी हातोडीने ठोकून पाहिली. भिंतीत शिरलेली टोके ओल आणि वाळवीने आतून पोकळ होतात, वरून कळत नाही. एक तशी निघालीच, ती बदलली. मग तीन कड्यांना लागून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, नव्या सागवानी कड्या बोल्टने आवळल्या. लाकूड आडवे नव्हे, उभे बसवले. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर चौपट. बोल्टची भोके उंचीच्या मध्यावर पाडली. पाइपसाठी कडीच्या खालच्या कडेला खाच मारायला प्लंबर निघाला होता, त्याला थांबवले. ताण तीच कड सोसते.

मोटरखाली जाड रबर घातले, टाकीखाली पत्र्याचे ताट ठेवून त्याची नळी बाहेर काढली, कारण झिरपते पाणी लाकूड कुजवते. टाकी एकदम न भरता पाव-पाव भरली आणि दर वेळी सुतळी ताणून कडीचा वाक पाहिला.

कायमच्या ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते. म्हणून दर पावसाळ्यानंतर आम्ही सुतळी पुन्हा ताणतो. आपल्याही घरी असा बेत असेल तर टाकीचा भाव विचारण्याआधी जाणत्या सुताराला आणि इंजिनिअरला माळा दाखवा. तेवढ्यासाठी जुने घर पाडून स्लॅब टाकायलाच हवा, असे मुळीच नाही.