ध्रुवीय संशोधनातील तरुण हात

ध्रुवीय संशोधन म्हटले की डोळ्यांपुढे बर्फ, जहाजे आणि दाढीवाले दर्यावर्दी येतात. परंतु या शास्त्रातील एका मोठ्या शोधाची सुरुवात केंब्रिजमध्ये टेबलापाशी झाली, आणि ती एका तरुणाच्या हातून.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षानिमित्त ब्रिटिशांनी अंटार्क्टिकावर हॅली येथे ठाणे उभारले. तेथे डॉब्सन यंत्राने हवेतील ओझोन मोजीत. सूर्याची काही अतिनील किरणे ओझोन फार शोषतो, काही कमी. या दोहोंची तुलना केली की डोक्यावर ओझोन किती आहे ते कळते. नोंदी करणारी माणसे बदलत गेली, कागदांचा ढीग वाढत गेला.

१९७७ साली जोनाथन शँकलिन ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संस्थेत लागला. हाताने लिहिलेले ते आकडे तपासून संगणकात भरण्याचे नीरस काम या नवख्याच्या वाट्याला आले. ते करताना त्याच्या ध्यानात आले, की तिकडच्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबरात, ओझोन घटत चालला आहे. जो फार्मन व ब्रायन गार्डिनर या ज्येष्ठांसह त्याने हे १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. १९८७ साली माँट्रियल करार झाला, आणि फ्रिज व स्प्रेच्या डब्यांतील घातक वायूंवर बंधने आली.

नव्या डोळ्यांना हे दिसले, कारण त्यांच्यापुढे पंचवीसहून अधिक वर्षांच्या नोंदी होत्या. ही साखळी तुटू द्यायची नसेल, तर तरुणांना या कामात टिकवले पाहिजे. आज पुष्कळांची नेमणूक दोन-तीन वर्षांपुरतीच असते. पुढे पोटापाण्यासाठी ते दुसरीकडे वळतात. म्हणूनच २००७-०८ च्या ध्रुवीय वर्षाच्या सुमारास तरुण संशोधकांनी ‘एपेक्स’ ही आपली आंतरराष्ट्रीय संघटना काढली. ज्येष्ठांचे मार्गदर्शन मिळवणे आणि जेथे पुढील कामे ठरतात त्या समित्यांवर तरुणांना जागा मिळवून देणे, हे तिचे काम. पुढील ध्रुवीय वर्ष २०३२-३३ मध्ये आहे. आजचे विद्यार्थी तोवर कर्ते संशोधक झालेले असतील.

अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीवर यायला सुमारे २०६६ साल उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आम्ही सत्तरी ओलांडलेले तो दिवस पाहणार नाही. आज पंचविशीत असलेला संशोधक तेव्हा निवृत्तीला आलेला असेल. तोवरची मोजणी त्याच्याच पिढीने करायची आहे. तेव्हा घरातील एखादी नात किंवा नातू अशा विषयाकडे वळला, तर “यात पैसा किती?” असे विचारण्यापूर्वी हॅलीचे ते कागद आठवावेत.