कागदावरचा ट्रक

२००४ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच धाकट्या भावाकडे डेट्रॉइटला गेले. विमानतळावर तो मुलाला घेऊन आला होता. गाडी मोठी देखणी होती. जुन्या इंग्रजी चित्रपटांतल्या मोटारींसारखा गोलसर तोंडवळा, चार दारे, मऊ आसने. मागे माझी लोणच्याची बरणी आणि पापडांचे डबे अगदी नीट बसले. गाडी सुरू झाली आणि नऊ वर्षांचा पुतण्या खुदकन हसून म्हणाला, "आत्या, तुला माहितेय? तू ट्रकमध्ये बसली आहेस!"

मला वाटले, पोराची थट्टा. ट्रक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कात्रजचा घाट धापा टाकत चढणारा, पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला धूड उभा राहतो. पण भाऊ हसला नाही. "खरं आहे ताई," तो म्हणाला, "सरकारी कागदावर हा ट्रकच आहे."

ती गाडी होती क्रायस्लरची पीटी क्रूझर. भाऊ तिकडच्या एका मोटार कंपनीत इंजिनाच्या विभागात होता. तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी थोडी अधिक कशी चालेल, हे बघणे हेच त्याचे काम. त्यामुळे ट्रकचे हे कोडे त्याने रविवारी, जेवणे झाल्यावर, अगदी मुळापासून उलगडून सांगितले.

१९७३ साली अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल रोखले. पंपांवर मैल मैल रांगा लागल्या. त्यातून १९७५ साली कायदा आला. प्रत्येक कंपनीने विकलेल्या नव्या मोटारींची सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैलांवर, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला सुमारे ११.७ किलोमीटरवर न्यायची. पण शेतकरी गवताचे भारे नेणार, सुतार फळ्या नेणार, त्यांच्या गाडीला हाच नियम कसा लावायचा? म्हणून छोट्या ट्रकांसाठी वेगळा, सौम्य नियम झाला. १९९६ ते २००४ या काळात तो गॅलनला २०.७ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम ८.८ किलोमीटर होता. १९७८ साली पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर खास कर बसला, तोही मोटारींवर. ट्रक सुटले.

"सवलत चुकीची नव्हती," भाऊ म्हणाला. "पण ट्रक कोणता, हे गाडी कोण वापरतो आणि कशासाठी, यावर ठरलं नाही. ती कशी बांधली आहे, यावर ठरलं."

आपल्याकडे शेतजमीन घेण्यासाठी शेतकरी असल्याचा दाखला लागतो, आणि आयुष्यात नांगराला हात न लावलेली माणसेही तो मिळवतात. हा प्रकार मला त्याच जातीचा वाटला. मागची आसने काढून सपाट जागा करता आली, की तेव्हा गाडी ट्रक ठरू शकत होती. पीटी क्रूझरची आसने निघत होती. शिवाय ती पेट्रोल बेताने पिणारी. तिला ट्रकांच्या रकान्यात बसवले, की त्या रकान्याची सरासरी सुधारते आणि तिच्या आडोशाने मोठमोठ्या पिकअप गाड्या खपवता येतात.

दुसरी वाट खडबडीत रस्त्याची. चारही चाकांना इंजिनाचा जोर हवा, आणि पोट जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर वर हवे, अशी काही मापे जुळली की झाला ट्रक. त्याच वर्षी जानेवारीत बातमी आली होती, की सुबारू कंपनी आपली आउटबॅक गाडी थोडी उंच करून ट्रकांत नेणार.

उलटा खेळही झाला. परदेशी ट्रकांवर १९६४ पासून २५ टक्के आयात जकात, मोटारींवर तेव्हा फक्त अडीच टक्के. निसानची दोन दारांची पाथफाइंडर ही माणसे नेण्याचीच गाडी आहे, असे आयातदाराने न्यायालयात मांडले आणि १९९४ साली अपिलातही तेच मान्य झाले. म्हणजे बंदरावर मोटार आणि पेट्रोलच्या हिशेबात ट्रक!

मी पोट धरून हसले. भाऊ मात्र गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, गॅलनमागे मैलाचा एक दशांश वाढवायला आम्ही दोन-दोन वर्षं डोकी फोडतो. आणि एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नाव गेलं, की तो सगळा हिशेब संपतो."

निघण्याच्या आदल्या दिवशी भावजय मला तिच्या लहान मोटारीतून ट्रॉयच्या भारतीय टेंपलमध्ये घेऊन गेली. सिग्नलला मागे एक उंच गाडी येऊन थांबली. आरशात तिची नुसती जाळी दिसत होती. चालक दिसतच नव्हता. भावजय हळूच म्हणाली, "ही धडकली तर आमचं काय होईल? मी यांना सांगितलंय, मलाही तसलीच गाडी हवी." पुढच्या वर्षी भावाने ती घेतली. मैलाच्या दशांशासाठी झिजणारा माणूस बायको-मुलाच्या जिवाचा विचार करून स्वतःच ट्रकवाला झाला. त्याला दोष कसा द्यावा? एकाची गाडी उंच झाली, की शेजाऱ्यालाही उंच व्हावे लागते.

आपण हसण्याचे कारण नाही. २०१३ च्या अर्थसंकल्पात आपल्याकडे एसयूव्हीवरचे उत्पादनशुल्क २७ वरून ३० टक्के झाले. व्याख्येत लांबी आणि इंजिनाबरोबर जमिनीपासूनची १७० मिलिमीटर उंचीही होती. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी महिंद्राची एक्सयूव्ही ५०० लवकरच १६० मिलिमीटरवर आली. तिकडे गाडी ट्रक ठरावी म्हणून टाचा उंचावते, इकडे एसयूव्ही ठरू नये म्हणून खाली बसते.

अमेरिकेने ठिगळ लावले नाही असे नाही. २०११ च्या गाड्यांपासून, फक्त दोन चाकांना जोर असलेल्या बऱ्याच लहान एसयूव्ही मोटारींत मोजल्या जाऊ लागल्या. पण १९७५ साली पाच नव्या गाड्यांत जेमतेम एक कागदोपत्री ट्रक असायची. २०२२ मध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे होते. आणि २०२५ साली नवा कायदा करून सरासरी चुकवणाऱ्या कंपन्यांचा दंडच शून्यावर आणला.

पुतण्या आता तिशीचा झाला. मध्यंतरी त्याने फोनवर नवी गाडी दाखवली. मागच्या आसनावर त्याची वर्षाची लेक झोपली होती. "आत्या, ओळख, मोटार की ट्रक?"

"चारही चाकांना जोर आहे का रे? आणि जमिनीपासून उंच?"

"हो."

"मग ट्रक. पण त्यात माल काय नेतोस?"

त्याने मागचे दार उघडून दाखवले. आत घडी घातलेली बाबागाडी होती.