गोदीच्या हजेरीपटाबाहेरची माणसं

महाराष्ट्रात १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो आणि मुंबईत दलाचे जवान आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतात. १९४४ सालच्या १४ एप्रिलला, शुक्रवारी, व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटांत दलाचे ६६ जण गेले. त्यांची ही आठवण आहे. त्या दुपारी धक्क्यावर आणखी शेकडो माणसं होती, ती कोण होती हे मात्र आजही कुठल्या एका यादीत सापडत नाही.

‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीत त्यावर कापसाच्या ८,७०० गाठी चढल्या, शिवाय तेलाची पिंपं, लाकूड आणि भंगार लोखंड. दोन नंबरच्या फाळक्याखाली तळाला कापूस आणि त्याच्या वर दारूगोळा, अशी रचना झाली. ज्वालाग्राही माल स्फोटकांच्या इतका जवळ ठेवू नये, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. शांततेच्या काळात स्फोटकं गोदीत आणायलाच मनाई असे, ती बाहेर समुद्रातच पडावांत उतरवत. युद्धाच्या घाईत तो नियम बाजूला पडला होता. जहाज १२ एप्रिलला मुंबई बंदरात आलं आणि दोन दिवसांनंतरही बहुतेक दारूगोळा त्याच्या पोटातच होता.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास फाळक्यातून धूर येताना दिसला आणि पाण्याचे पाइप लागले. पण धुरामुळे आगीचं मूळ कुणालाच सापडेना. नऊशे टनांहून जास्त पाणी आत गेलं, जहाजाचा पत्रा तापतच राहिला. कापसाच्या गाठी पाण्यावर तरंगतात, त्यामुळे खण भरत गेला तशी जळती गाठ वरच्या दारूगोळ्याच्या जवळ गेली.

त्या दोन तासांकडे पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. कप्तान नेस्मिथ जहाजावर होते. गोदीचे अधिकारी, लष्कराचे दारूगोळा जाणणारे आणि अग्निशमन दलाचे प्रमुख, सगळे त्या एकाच धक्क्यावर होते. जहाज बुडवावं का, बाहेर ओढून न्यावं का, की पाणी मारत राहावं, यावर वेगवेगळी मतं पडली. सगळ्यांच्या वतीने एक हुकूम सोडील असा माणूस त्यांच्यात नव्हता. गोदी रिकामी करा, असा भोंगाही वाजला नाही. शेजारच्या जहाजांवर आणि शेडमध्ये काम चालूच राहिलं. मला या दुर्घटनेतलं सर्वांत असह्य वाटतं ते हेच. आग लागणं हा अपघात म्हणता येईल, पण भोवतीच्या माणसांना पोटातला माल काय आहे हे न सांगणं, याला अपघात कसं म्हणायचं?

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. ‘जलपद्म’ नावाचं जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावरच्या शेडवर आदळलं. जळत्या कापसाचा पाऊस मस्जिद बंदर आणि मांडवी परिसरावर पडला. वखारी पेटल्या आणि पन्नास हजार टनांहून अधिक धान्य गेलं, तेही बंगालच्या दुष्काळाला जेमतेम वर्ष होत असताना. सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली.

जपान्यांनी हल्ला केला, असं अनेकांना वाटलं. ते स्वाभाविकच होतं, कारण त्या दिवसांत कोहिमाला त्यांच्याशी लढाई चालू होती. सरकारने बातमी दाबली. सविस्तर वृत्त दुसऱ्या दिवशी दिलं ते जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. आपल्याच शहरात काय झालं, हे मुंबईकरांना शत्रूच्या रेडिओवरून कळावं, हे वाचताना आजही राग येतो.

या स्फोटाची लोकांना सर्वांत जास्त आठवते ती गोष्ट सोन्याची. एका पारशी गृहस्थांच्या घरावर वीट येऊन पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे सरकारकडे दिली. गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं विटा सापडत राहिल्या. जवळजवळ सगळं सोनं मोजून परत मिळालं. मेलेल्यांचे अंदाज मात्र आठशेपासून तेराशेपर्यंत जातात, आणि त्याहून मोठे आकडेही वाचायला मिळतात.

ही तफावत कुठून येते ते समजायला तेव्हाची गोदी पाहावी लागते. सैनिकाचं नाव पलटणीत असे, खलाशाचं जहाजाच्या यादीत, बंबवाल्याचं दलाच्या हजेरीपटावर. पण माल उतरवणारा मजूर बहुतेक रोजंदारीवरचा. टोळीवाला किंवा मुकादम सकाळी माणसं उचलायचा, संध्याकाळी हिशेब करायचा. मस्जिद बंदरच्या वखारींत पाठीवर पोती वाहणारे घाटावरचे हमाल गाळ्यांत दाटीवाटीने राहत. असा एखादा त्या दुपारी संपला, तर तो कामावर होता हे सांगणारा मुकादम तरी जिवंत हवा. नुकसानभरपाईसाठी सरकारने त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम काढला, पण दावा करायलाही कागद लागतो.

गोदी पुन्हा उभी करायला सुमारे ८,००० माणसं सात महिने राबली. त्यांनी पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा उपसला. पुढे १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा आला आणि नोंदणीची पद्धत सुरू झाली. हमालांना तसं संरक्षण मिळायला १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला, तोही लढून. हे कायदे स्फोटामुळे झाले, असा माझा दावा नाही. नाव नोंदलेलं असणं म्हणजे काय, हे मात्र १९४४ ची गोदी पाहिली की कळतं.

अग्निशामकांच्या बाबतीत तर जगाने काही शिकल्याचं दिसत नाही. १९४७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात अमोनियम नायट्रेटने भरलेलं जहाज पेटलं, तेव्हा गावाच्या स्वयंसेवी दलातले २८ पैकी २७ जण गेले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातलं गोदाम पेटलं, तिथे त्याच रसायनाचे २,७५० टन कित्येक वर्षं पडून होते. आग विझवायला गेलेल्या पथकातले दहाही जण मेले आणि आत काय साठवलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मुंबईच्या मजुरांची यादी पूर्ण होणं आता कठीण आहे, पण अगदीच अशक्य नाही. रुग्णालयांची जुनी दफ्तरं, स्मशानांच्या आणि कब्रस्तानांच्या नोंदी, भरपाईचे अर्ज यांतून काही नावं निघू शकतील. पुणे-सातारा भागातल्या गावांत आजोबा किंवा पणजोबा गोदीच्या स्फोटात गेल्याचं सांगणारी घरं असतील, त्यांचं सांगणं लिहून घ्यायला हवं. विद्यापीठाचा इतिहास विभाग, बंदर प्राधिकरण आणि माथाडींच्या संघटना यांनी ठरवलं तर हे काम सुरू होऊ शकतं. मिळतील तेवढी नावं त्या ६६ जणांच्या शेजारी कोरावीत, मग ती दहा असोत की दोनशे.