बांधाविना गाव

‘लॅक्स्टन? तिथे बघण्यासारखं काय आहे?’ लंडनमधल्या मैत्रिणीचा पहिला प्रश्न. खरं सांगू? पोहोचल्यावर मलाही तोच पडला. किंग्ज क्रॉसहून ट्रेनने न्यूअर्क, पुढे टॅक्सी. रॉबिन हूडच्या नॉटिंगहॅमशरमधलं चिमुकलं गाव. एक चर्च, एक पब, जुन्या किल्ल्याची गवत उगवलेली टेकडी. बस्स!

मग शेतं बघितली आणि ट्यूब पेटली. कुंपणच नाही!

वेस्ट, साउथ आणि मिल अशी तीन अवाढव्य शेतं. प्रत्येकात लांबलचक पट्टे, आणि एकेका शेतकऱ्याचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी बदलते. ‘माझ्या मनाला येईल ते पेरीन’ इथे चालत नाही, बॉस!

मध्ययुगात इंग्लंडमधली कितीतरी गावं अशीच होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कायदे करून पट्टे एकत्र केले गेले, कुंपणं आली. लॅक्स्टनमध्ये हे काम कधी पूर्णच झालं नाही. मार्क पिअर्सने १६३५ मध्ये काढलेला गावाचा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. त्यातही पट्टान् पट्टा दाखवलाय.

मी गेले ती नोव्हेंबरअखेरची बोचरी सकाळ. शेतकऱ्यांचीच ज्युरी नुकत्या पेरलेल्या गव्हाच्या शेतात उतरली होती. हद्दीवर खुंट्या ठोकायच्या, कुणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सामायिक गवतात नांगर घुसवलाय का ते बघायचं. घुसवला असेल तर दंड! पुढच्या आठवड्यात ‘कोर्ट लीट’ बसतं. कुठे? चक्क पबमध्ये!

पण हे टिकेल का? शेतकरी बहुतेक कुळं, जमीन मालकाची. १९५२ मध्ये मॅन्व्हर्स घराण्याकडून ती सरकारच्या कृषी मंत्रालयाकडे गेली, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे. २०१८ मध्ये क्राउन इस्टेटने ती विकायला काढली, तेव्हा गावाच्या पोटात गोळा आला. नवा मालक पट्टे ठेवेल याची खात्री काय? अखेर २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने, म्हणजे जुन्या मालकांच्याच घराण्याने, जमीन घेतली. ज्युरी चालूच राहिली.

मालक चार झाले, पण खुंट्या ठोकणारे हात शेजाऱ्यांचेच राहिले. दर वर्षी एकमेकांसमोर उभं राहून हद्द मान्य करायची, एवढीच ती युक्ती.

आमच्या सोसायटीत पार्किंगला पिवळे पट्टे आखलेत. तरी रोज भांडणं होतात. पुढच्या मीटिंगला लॅक्स्टनचे फोटो घेऊन जाणार आहे मी!