जमिनीत लोह विपुल, तरीही उसाला केवडा का?

निपाणी परिसरातील काळ्या, चुनखडीयुक्त रानांत, विशेषतः खोडव्यात, उसाची कोवळी पाने पिवळसर-पांढरी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी यालाच केवडा म्हणतात. हरितद्रव्य तयार होण्यासाठी लागणारे लोह पिकाला न मिळाल्याचे हे लक्षण होय. वस्तुतः या जमिनीत लोह भरपूर असते. खानापूर तालुक्यातील व गोव्यातील आम्लधर्मी, तांबड्या जांभ्या मातीत मात्र हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. असे का होते, याचे उत्तर पाण्यात दडलेले आहे.

पाण्यात लोहाचा आयन सुटा राहत नाही. पाण्याचे सहा रेणू त्याला वेढून असतात. पाणी जसजसे अल्कधर्मी होते, तसतसे हे वेढे मोडून लोहाचा न विरघळणारा गंज बनतो. जमिनीचा सामू एका अंकाने वाढला, की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. आठच्या आसपास सामू असलेल्या काळ्या जमिनीत मुळांच्या हाती म्हणूनच जवळजवळ काहीच लागत नाही.

सजीवांनी यावर उपाय शोधला आहे. एखादा सेंद्रिय रेणू पाण्याचे रेणू बाजूला सारून धातूला एकाच वेळी अनेक बाजूंनी पकडतो. या पकडीला ‘चिलेट’ हे नाव १९२० मध्ये मिळाले, ते खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. एका बोटाने धरलेली वस्तू सहज निसटते. नांगीत सापडलेली निसटत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन लोहाला असेच धरून ठेवते. ऊस हे गवतवर्गीय पीक असल्याने त्याची मुळेही अशी आम्ले पाझरून लोह मिळवू पाहतात. मात्र चुनखडीच्या रानात ही धडपड अनेकदा अपुरी पडते.

दुकानातून आणलेले ‘चिलेटेड लोह’ याच तत्त्वावर चालते. परंतु प्रत्येक नांगीची पकड सारखी नसते. ईडीटीएची पकड आम्लधर्मी जमिनीत टिकते. चुनखडीच्या जमिनीत मात्र कॅल्शियम लोहाला हुसकावून त्याची जागा घेते आणि जमिनीतून दिलेल्या खताचा पैसा वाया जातो. ईडीडीएचए हा रेणू नऊच्या आसपासच्या सामूतही लोह सोडत नाही. मात्र तो महाग असतो.

हिराकस शेणखतात मिसळून आठवडाभर मुरवून देण्याच्या शिफारशीमागेही हेच रसायनशास्त्र आहे: खतातील सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात. हिराकशीची पानांवर फवारणी केल्यास जमिनीचा अडथळाच टळतो. त्यामुळे खत घेण्यापूर्वी माती तपासून सामू जाणून घ्यावा आणि पिशवीवर केवळ ‘चिलेटेड’ हा शब्द न पाहता त्यात कोणता रेणू आहे, तेही वाचावे.